पेल्यातला मार्च

गुलमर्गला पोचल्यावर मामांची पहिली तक्रार बर्फाबद्दल नव्हती, ‘बर्फ’ या शब्दाबद्दल होती.

“आपल्याकडे नीट शब्दच नाही बघ. उसाच्या रसात घालतात तो बर्फ, फ्रिजच्या कप्प्यात साचतो तोही बर्फ, आणि हे समोर पसरलंय तेही बर्फच. हिम म्हणावं तर कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं.”

“काश्मिरीत वेगळे शब्द आहेत,” मी म्हटलं. “आभाळातून पडतो तो शीन, गोठून होतो तो यख.”

“ज्यांचं अडतं ते शब्द करतात,” म्हणत मामांनी कोटाच्या आतल्या खिशातून डायरी काढली आणि दोन्ही शब्द लिहून घेतले. कोट भाड्याचा होता, वाटेत तंगमर्गला गमबुटांसकट घेतलेला. माकडटोपी मात्र स्वतःची, गेली तीस वर्षं पहाटे पर्वती चढणारी.

मामा शिवाजीनगरच्या वेधशाळेतून निवृत्त झाले. पुण्यात तिथल्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली शिमल्याहून तिथे आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, नाव तेवढं चौकाला चिकटून राहिलं. त्या इमारतीत मामांनी नोकरीची निम्मी वर्षं नकाशे भरण्यात काढली. श्रीनगर, बनिहाल, गुलमर्ग इथले आकडे यायचे, मामा ते नकाशावर मांडायचे आणि समदाब रेषा ओढायचे. गुलमर्गचं तापमान त्यांनी हजारो वेळा लिहिलं असेल. गुलमर्ग पाहिलं ते मात्र 2025 च्या मार्चमध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी, आणि तेही मी हात धुऊन मागे लागले म्हणून.

मागे लागण्याचं कारण भांडण. चाळिशीत मी इथे येऊन चौदा दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केला. तेव्हापासून दर हिवाळ्यात येते, आणि दर हिवाळ्यात मामांचा फोन येतो : “निघालीस का उरलासुरला बर्फ खरवडायला?” पूर्वी मी जानेवारीत यायचे. आता मार्च उजाडतो. मामांच्या मते याचा अर्थ एक होतो, माझ्या मते दुसरा. फोनवर हा वाद काही संपेना.

त्या वर्षी तर वादाला आयतं निमित्त मिळालं होतं. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमधला गुलमर्गचा टप्पा 22 फेब्रुवारीपासून होता. बर्फच नाही म्हणून तो पुढे ढकलला. मग महिना संपता संपता दणकून बर्फ पडला आणि 9 ते 12 मार्च अशा नव्या तारखा ठरल्या. आम्ही पोचलो तो त्याच्या आधीचा आठवडा. उतारांवर दोऱ्या लागत होत्या, हॉटेलवाले हसत होते.

“आला ना बर्फ?” बेबी स्लोपच्या कडेला खुर्ची मिळवून मामांना बसवल्यावर मी म्हटलं. “महिनाभर उशिरा आला, एवढंच. हिवाळा पुढे सरकलाय, तर आपणही सरकायचं. आपण नाही का पंचांगात अधिक महिना घालत?”

“घालतो. पण कशासाठी घालतो? चांद्र महिने पुढे पळतात, त्यांना सूर्याशी जुळवून घ्यायला. तुझा बर्फ उशिरा आला म्हणून सूर्य थांबलाय का?” मामांनी काठी वर उचलली. “डिसेंबरच्या 21 तारखेला इथे भर दुपारी सूर्य जेमतेम 33 अंशांवर असतो. मार्चच्या 21 ला 56. आज पन्नासाच्या आसपास असेल. तोच बर्फ, तेवढाच बर्फ, पण त्याच्यावर कोण बसलंय ते बघ की.”

“ताजा बर्फ ऊन परतवतो.”

“दहातले आठ-नऊ हिस्से परतवतो, मान्य. दोन दुपारी तापला, दाणे मोठे झाले, वर धूळ बसली, की तेच पाच-सहावर येतं. म्हणजे आत शिरणारं ऊन तिप्पट-चौपट झालं. जानेवारीत पडलेल्या बर्फाला मुरायला वेळ मिळतो. हा मार्चचा पडतो आणि लगेच निघायची तयारी करतो. एक मुदत ठेव, दुसरं बचत खातं. पासबुकात आकडा सारखाच दिसतो.”

काश्मिरी माणूस हिवाळा मोजतो तो असाच, मुदतीवर. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे मोठी थंडी. मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत पडेल तो बर्फ टिकतो, डोंगरात बसतो आणि उन्हाळाभर झिरपत राहतो. बाकी सगळी वरकड, असा हा हिशेब. आम्ही आलो तेव्हा बच्चाही उलटून गेला होता.

या फडाला तिसरा माणूस होता, आमचा उस्ताद. मला स्कीइंग शिकवणारा, तंगमर्गच्या खालच्या एका गावचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला मराठी येत नाही, पण वाद कुठे चाललाय हे त्याला बरोबर कळायचं.

“अंकलजी बरोबर बोलतात,” तो मला हिंदीत म्हणाला. “पण अंकलजींना पेन्शन आहे.”

मामा मोकळेपणाने हसले. त्यांना तो तिथेच आवडला.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे ताजा बर्फ पडला होता, वीतभर. मी साडेसहाला उठले तर मामा खोलीत नाहीत. खिडकीतून पाहिलं तर गमबूट घालून आवारात वाकलेले, हातात स्टीलचा पेला. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मागून आणला होता.

वेधशाळेत बर्फ असाच मोजतात म्हणे. किती साचला ते वेगळं आणि वितळवून पाणी किती होतं ते वेगळं. मामांनी पेला उपडा धरून ताज्या थरात सरळ खाली दाबला, पत्र्याचा तुकडा खालून सरकवून अलगद उचलला, कड सपाट केली. मग जिन्याखाली गेले. तिथे आठवड्यापूर्वीचा, दबलेला, रोज उन्हात वितळून रात्री गोठणारा बर्फ होता. त्याचा दुसरा पेला भरला. दोन्ही पेले खोलीत बुखारीच्या शेगडीशेजारी ठेवले आणि दाढी करायला गेले.

दाढी होईस्तोवर निकाल लागला होता. ताज्या बर्फाच्या पेल्यात पाणी बोटाच्या एका पेराहून कमी. जुन्या बर्फाच्या पेल्यात निम्म्याला थोडं कमी.

“दहाला एक,” मामा पहिल्या पेल्याकडे बघत म्हणाले. “पुस्तकात असतं तसं. दहा सेंटिमीटर कोरडा बर्फ म्हणजे एक सेंटिमीटर पाणी. हा जरा जडच आहे, मार्चचा.”

आणि इथे मी त्यांना पकडलं. “थांबा मामा. म्हणजे मार्चच्या बर्फात पाणी जास्त! जानेवारीत मीटरभर पडला तर दहा सेंटिमीटर पाणी. मार्चचा ओला बर्फ मीटरभर पडला तर पंधरा, कदाचित वीस. मग कुठे गेली तुमची मुदत ठेव?”

मामा काही बोलले नाहीत. पेल्यात बोट घालून पाणी पुन्हा मोजलं. हरल्यावर त्यांची हीच सवय आहे. यंत्रावर संशय घ्यायचा.

“पेल्यात जास्त आहे,” शेवटी म्हणाले. “कबूल. पण पेला मी उचलून आत आणला म्हणून. तो बाहेर राहिला असता तर जूनपर्यंत राहिला असता का, हा प्रश्न आहे. शेतकरी सेंटिमीटर मोजत नाही, दिवस मोजतो. तंगमर्गच्या खाली भात लावतात तो जूनमध्ये. तेव्हा फिरोजपूर नाल्यात पाणी हवं. एप्रिलमध्ये पूर आला आणि जूनमध्ये गोटे दिसले तर तुझ्या वीस सेंटिमीटरांचं करायचं काय?”

“पण तुम्ही म्हणालात ठेव नाहीच.”

“मी म्हणालो मुदत नाही. रक्कम आहे.” मग जरा थांबून, “गेल्या महिन्यात अच्छबलचा झरा आटला, वाचलंस ना?”

वाचलं होतं. अनंतनागजवळचं ते मुघल उद्यान, नूरजहाननं सजवलेलं. पाणी जमिनीतून असं उसळून येतं की चारशे वर्षं त्यावर कारंजी खेळली. फेब्रुवारी 2025 मध्ये त्या झऱ्याच्या तोंडाशी नुसता चिखल आणि दगड उरले. खालच्या गावांना प्यायला पाणी नव्हतं. त्यानंतर दोन आठवड्यांत तोच बर्फ पडला, ज्याच्या जिवावर मी इथे आले होते. मामांचं शस्त्र हे होतं, आणि त्यांनी ते सकाळी सातला, चहाआधी काढलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही फारसं नाही.

*

माझी बाजू मला तर्कानं मांडता येत नाही, ती गुडघ्यांत आहे.

लोकांना वाटतं स्कीइंग म्हणजे पावडर. जानेवारीचा भुसभुशीत कोरडा बर्फ, ज्यात माणूस कमरेपर्यंत बुडून तरंगत जातो. परदेशातून लोक गुलमर्गला येतात ते त्यासाठी. पण मार्चच्या बर्फाची एक वेगळी वेळ असते आणि ती पकडता आली तर तिच्यासारखं सुख नाही. दिवसा ऊन वरचा थर वितळवतं, निरभ्र रात्री तो दगडासारखा गोठतो. असं आठ-दहा दिवस चाललं की बारीक कण एकमेकांत विरघळून गोल, टपोरे दाणे होतात. इंग्रजीत त्याला मक्याच्या दाण्यांचं नाव आहे. मला विचाराल तर तो साबुदाणा. नीट भिजलेला, मोकळा, दाणा दाण्याला न चिकटलेला.

सकाळी आठला हा उतार काचेसारखा कडक असतो. स्कीच्या कडा नुसत्या करकरतात, धरत नाहीत. दहाच्या सुमाराला वरचं बोटभर मऊ होतं, खालचं घट्ट राहतं. तो तासदीड तास! स्की वळवायची इच्छा केली की वळते. पायाखाली सळसळ असा आवाज येतो, रव्याच्या पोत्यातून हात फिरवावा तसा. साडेबारा वाजले की साबुदाण्याची लापशी होते. मग स्की रुततात, गुडघे पिळवटतात, आणि शहाणा माणूस खाली येऊन राजमा-चावल खातो.

हे मी मामांना दुपारी रंगवून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हणजे तुझा खेळ मुळात रात्रीच्या गोठण्यावर आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि तुझ्या त्या वड्या कसल्या?”

माझ्या वॅक्सच्या डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं होतं. स्कीच्या तळाला मेण लावतात, बर्फाच्या तापमानाप्रमाणे वेगळं. कडक थंडीला निळी वडी, मधल्याला लाल, ओल्या बर्फाला पिवळी. मामांनी डबा मांडीवर घेतला. लाल वडी अर्धी झाली होती. पिवळीचा नखाएवढा तुकडा उरला होता, ही तिसरी. निळी कोऱ्या साबणासारखी, वरची अक्षरंसुद्धा शाबूत.

“कधी घेतलीस ही निळी?”

“कोर्स झाल्यावर. सगळ्या एकदमच घेतल्या होत्या.”

मामांनी डबा बंद करून परत दिला. काही बोलले नाहीत, आणि तेच फार झालं. मला त्यांना सांगायचं होतं की मी मार्चमध्ये येते म्हणून पिवळी संपते, यात हवामानबिवामान काही नाही. पण मी मार्चमध्ये का येते, हा त्याच्या पुढचा प्रश्न होता. जानेवारी 2024 मध्ये मी तिकीट काढून बसले होते. त्या महिन्यात गुलमर्ग तपकिरी होतं, वाळलेलं गवत. फोटो साऱ्या देशानं पाहिले. बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस. मी तिकीट पुढे ढकललं आणि तेव्हापासून मार्चच धरला.

*

तिसऱ्या दिवशी मी उस्तादाबरोबर गोंडोल्यानं, म्हणजे रोपवेनं, वर गेले. पहिला टप्पा गुलमर्गच्या 2,650 मीटरवरून कोंगडोरीला नेतो, साधारण 3,100 वर; तो 1998 मध्ये सुरू झाला. दुसरा 2005 चा, अफरवट डोंगराच्या खांद्यावर चार हजार मीटरच्या आसपास सोडतो. मामा कोंगडोरीपर्यंत आले आणि तिथे कहवा घेत बसले. परत आलो तेव्हा त्यांनी कागदावर गणित मांडून ठेवलं होतं.

“हे बघ. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश थंडी वाढते. म्हणजे हवा एक अंशानं तापली की पाऊस जिथे बर्फ होतो ती रेघ दीडशे मीटर वर सरकते. दोन अंशांनी तीनशे. खालचा तुझा बेबी स्लोप आधी पावसात जाणार, मग हे कोंगडोरी.”

“वरचा टप्पा राहतोच ना. उंच डोंगर आहे, नशीब आपलं. आल्प्समध्ये कित्येक गावांना वर जायला जागाच नाही, त्यांचा डोंगर संपतो.”

“वर कोण जातं?”

हा प्रश्न मामांनी मला विचारला, उत्तर उस्तादानं दिलं. गोंडोल्याच्या खांबाला टेकून, निखाऱ्यांची कांगडी फेरनच्या आत घेऊन तो बराच वेळ बोलला. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत देते.

वरचा उतार येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या कामाचा. तिथे जायला स्की नीट यायला हवी, बीकन, प्रोब आणि फावडं पाठीवर हवं, गाईड हवा. हे लोक पैसे देतात, पण मोजके असतात आणि मोजक्याच गाईडांना देतात. गुलमर्ग जगतं ते खाली. कोल्हापूर, सुरत, चेन्नईहून आलेलं कुटुंब एका दुपारसाठी स्की पायाला बांधतं, चार वेळा पडतं, फोटो काढतं. त्यांना धरून ठेवणारा, त्यांची स्लेज ओढणारा, गमबूट भाड्यानं देणारा, मक्याचं कणीस भाजणारा, हे सगळे त्या खालच्या दोनशे मीटरांवर पोट भरतात. खाली बर्फ नसला की यातला एकही माणूस वर जाऊन कमावू शकत नाही. “मॅडम मार्चला सरकू शकतात,” तो म्हणाला. “स्लेजवाल्याचं डिसेंबर-जानेवारीचं भाडं, मुलांची फी, ते कुठे सरकतं? नाताळची सुट्टी मार्चला येत नाही.”

माझा ‘सरकायचं’ हा शब्द मी दोन दिवस फार सहज वापरत होते. सरकायला हातात काहीतरी असावं लागतं. माझ्याकडे ऑफिसची शिल्लक रजा होती.

पण उस्ताद मामांच्या बाजूनं बोलतोय असं समजून मामा जे खुश झाले, ते फार वेळ टिकलं नाही. “अंकलजी, तुम्ही म्हणता मार्चचा बर्फ खोटा. आम्हाला तो खोटा म्हणून चालत नाही. या वर्षी जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. हे पंधरा दिवस मिळाले ते अल्लाची मेहेरबानी. उद्या पेपरात आलं की गुलमर्ग संपलं, तर हे पंधरा दिवसही येणार नाही कुणी.”

मामा गप्प. मी गप्प. कहवा थंड झाला होता.

*

हिमस्खलनाच्या धोक्याचा विषय मामांना माहीत नव्हता, तो मी काढला. त्याचा निकाल माझ्या बाजूनं लागणार नाही, हे ठाऊक असूनही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे कोरडे, निरभ्र, कडाक्याचे जातात. तेव्हा त्या पातळ थरात एक विचित्र गोष्ट घडते. खाली जमीन उबदार, वर हवा गारठलेली. मधल्या बर्फातली वाफ वर चढते आणि कणांना धारदार पैलू फुटतात. मग थर चिकटून राहत नाही. ओंजळीत घ्या, मूठ वळा, साखरेसारखा बोटांतून गळतो. त्याच्यावर फेब्रुवारीअखेर मीटरभर जड बर्फ येऊन बसला, की साखरेच्या पोत्यांवर स्लॅब टाकल्यासारखं होतं. वरून एक माणूस गेला तरी पुरतं.

“म्हणजे उशिरा आलेला बर्फ नुसता लवकर जात नाही,” मामा म्हणाले, “तो घेऊनही जातो.”

अफरवटच्या उतारांनी माणसं घेतली आहेत, आणि ती काही सगळी उशिराच्या बर्फानं नव्हेत. फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षण संस्थेचे 17 जवान गेले. 1 फेब्रुवारी 2023 ला दोन पोलिश पर्यटक. 22 फेब्रुवारी 2024 ला एक रशियन. कुठल्या दिवशी कुठला थर सुटला याचं उत्तर त्या त्या उतारावर खड्डा खणूनच मिळतं. आपण पुण्यात बसून सांगू नये. पण कोरडा जानेवारी आणि मग एकदम पडलेला बर्फ हे जोडपं दिसलं की उस्ताद मला वर न्यायला नाही म्हणतो. पैसे बुडाले तरी.

कृत्रिम बर्फाचा विषय आम्ही पाच मिनिटांत संपवला. मामा म्हणाले, यंत्राला पाणी लागतं आणि गारठाही लागतो, नुसत्या तापमानाचा नव्हे तर कोरड्या हवेचा. ओल्या फडक्याचा तापमापक शून्याखाली दोन-तीन अंश गेल्याशिवाय थेंब गोठत नाहीत. थंडीच कमी म्हणून यंत्र आणायचं आणि यंत्राला थंडी हवी! मी त्यांना आरिफ खानची गोष्ट सांगितली. याच डोंगरावर वाढलेला मुलगा 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू म्हणून उतरला, जायंट स्लॅलममध्ये 45 वा आला. आणि तिथला तो सगळा उतार यंत्रानं बनवलेल्या बर्फाचा होता. मामांना त्यात गंमत वाटली. मला नाही वाटत.

मग ते माझ्या विमानावर घसरले. पुणे-दिल्ली-श्रीनगर, जाऊन येऊन, बर्फ का वितळतो हे बघायला. मी म्हटलं, शेजारच्या सीटवर तुम्ही होता आणि दोन्ही वेळा खिडकी तुम्ही घेतलीत. तो मुद्दा तिथेच मिटला.

*

शेवटच्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. पीर पंजालची रांग गुलाबी होऊन विझली. मी खूश होते. निरभ्र रात्र, कडक गोठण, सकाळी दहाला साबुदाणा. पिवळ्या वडीचा शेवटचा तुकडा इस्त्रीवर वितळवून स्कींना लावला.

मामांनी दोन पेल्यांतलं पाणी एकात ओतलं आणि तो पेला खिडकीबाहेरच्या फळीवर ठेवला.

“हे काय?”

“तुझा खेळ गोठण्यावर आहे ना? सकाळी बघू.”

झोपायच्या आधी ते बराच वेळ अंधारात पश्चिमेकडे बघत उभे होते. आयुष्यभर त्यांनी याच दिशेची वाट पाहिली. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात. काश्मीरला बर्फ, पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात. हेच झंझावात मार्चमध्ये खाली उतरले आणि त्यांना समुद्राकडचे दमट वारे मिळाले, तर आपल्याकडे गारा. 2014 साली मराठवाडा-विदर्भात हरभरा आणि द्राक्षं झोडपली गेली, तेव्हा मामा निवृत्त असूनही रोज सिमला ऑफिसला जाऊन बसायचे. “जानेवारीत हा आला तर देव,” ते म्हणाले, “मार्चमध्ये आला तर कुणाचा देव आणि कुणाचा काय, ते तू कुठे उभी आहेस त्यावर.”

सकाळी सहाला मी आधी खिडकी उघडली. पेल्यात पाणी होतं. बोट घातलं; गार होतं, झोंबत होतं, पण पाणीच. वर साधी सायसुद्धा धरली नव्हती. बाहेर आवारातला बर्फ बुटाखाली दबला, करकरला नाही.

“रात्री दोनला ढग आले,” मामा पांघरुणातूनच म्हणाले. जागेच असावेत. “ढगांनी गोधडी घातली, उष्णता वर गेलीच नाही. गोठणार कसं?”

“म्हणजे आज काहीच नाही.”

“आज नाही. पण ढग पश्चिमेचे आहेत. येतंय काहीतरी.” त्यांच्या आवाजात जी उत्सुकता होती ती लपत नव्हती.

तेवढ्यात उस्तादाचा फोन आला. वर वारा आहे, दुसरा टप्पा बंद, खालचा उतार लापशी. “मॅडम, बर्फ पडला तर उद्या फर्स्ट क्लास. थांबता का एक दिवस?”

आमचं विमान दुपारी अडीचचं होतं. मी मामांकडे पाहिलं. ते उठून बसले होते, डायरीत वेळ आणि ढगांचा प्रकार लिहीत होते.

“पाऊस पडला तर?” मी फोनवर विचारलं.

“बर्फ पडला तर, म्हटलं,” उस्ताद म्हणाला.

मामांनी डायरी मिटली, फळीवरचा पेला आत घेतला, उजेडाकडे धरून पाणी किती ते एकदा पाहिलं आणि चहाच्या किटलीत ओतलं.

“टाकायचं कशाला,” म्हणाले. “दोन कप होईल.”